कॅन्सर झाल्यावर माणूस उदास असणारच, मग सायकियाट्रिस्ट त्यावर रिसर्च कसला करतात? वडिलांनी स्टडीत भाग घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा की वडिलांची केमो सुरू आहे, तिथल्या सायकियाट्रीच्या प्राध्यापकांच्या टीमने त्यांना एका स्टडीबद्दल विचारलंय, आणि तुमचं म्हणणं की एवढं मोठं दुखणं आल्यावर कोणीही उदास होणारच, त्यात शोधायचं काय आणि आधीच दमलेल्या माणसाला आणखी फॉर्म कशाला भरायला लावायचे. मी अशाच एका टीममध्ये काम करते. डॉक्टर नाही, पेशंटजवळ बसून प्रश्नावली भरून घेणं, मुलाखत घेणं, नंतर फॉलोअपचे फोन करणं हे माझं काम. तेव्हा तुम्हाला आतल्या बाजूने सांगते.

"उदास असणारच" हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते. नातेवाईक म्हणतात, नर्स म्हणतात, घाईत असले की कॅन्सरचे डॉक्टरसुद्धा म्हणतात, आणि पेशंट तर स्वतःच म्हणतात, "अहो मॅडम, कॅन्सर आहे, नाचू का आता?" खरं सांगू का, या विषयातला अर्धा रिसर्च या एका वाक्याशी भांडण्यातच गेलाय.

कारण "असणारच" असेल तर सगळेच असायला हवेत ना? ते तसं नाही. स्कॉटलंडमध्ये २१ हजारांहून जास्त कॅन्सर पेशंटची तपासणी केली, २०१४ मध्ये ते छापून आलं. त्यात डॉक्टरी निकषावर ज्याला मेजर डिप्रेशन म्हणतात ते फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये साधारण १३ टक्के लोकांना होतं, स्तनाच्या कॅन्सरमध्ये ९ टक्के, मोठ्या आतड्याच्या ७ टक्के. म्हणजे बहुतेक लोक रडतात, घाबरतात, चिडतात, रात्ररात्र जागतात, पण त्यांना डिप्रेशन हा आजार होत नाही. आणि ज्यांना तो होता त्यांच्यापैकी ७३ टक्के लोकांना त्यावर कामाला येईल असा काहीच उपचार चालू नव्हता. का? तर हेच, "असणारच".

आता यातली खरी गोची सांगते, मला स्वतःला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते ती हीच. डिप्रेशन ओळखायची नेहमीची लक्षणं कोणती, तर भूक जाणं, वजन उतरणं, झोप न लागणं, थकवा, लक्ष न लागणं. आता हे सगळं केमोनेपण होतं! मग कॅन्सर पेशंटला नेहमीची यादी लावली तर निम्मा वॉर्ड डिप्रेशनमध्ये दिसेल, आणि सगळं केमोवर ढकललं तर खरा आजारी माणूस निसटेल. यावर लोकांनी बराच विचार केलाय. १९८३ मध्ये झिगमंड आणि स्नेथ यांनी १४ प्रश्नांची एक प्रश्नावली बनवली, ज्यात शरीराची अशी लक्षणं मुद्दामच बाजूला ठेवली, ती आम्ही आजही वापरतो. पुढच्याच वर्षी जीन एंडिकॉट यांनी सुचवलं की भूक, झोप, थकवा यांच्या जागी दुसऱ्या गोष्टी बघा, माणूस लोकांपासून तुटत चाललाय का, चेहरा सतत पडलेला किंवा रडवेला आहे का, आणि काही चांगलं घडलं तर त्याला थोडं तरी बरं वाटतं का.

हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. एक आजोबा होते, ओळख पटू नये म्हणून बाकी काही सांगत नाही. झोप, भूक, थकवा सगळं "केमोमुळे, केमोमुळे" म्हणून उडवून लावत होते आणि बरोबरही होतं ते. मग मी विचारलं की नातीचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा कसं वाटतं. जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ती बोलते, मी हसतो, तिला कळू नये म्हणून. आत काही हलत नाही." बाजूला मुलगा बसला होता, त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. त्याच सकाळी त्याच आजोबांनी वॉर्डच्या रुटीन फॉर्मवर "कसे आहात" समोर "ठीक" अशी खूण केली होती. सांगायचा मुद्दा हा की नुसता फॉर्म देऊन भागत नाही, आणि बाहेरून बघून तर अजिबातच नाही.

त्यावरून आठवलं, कॅनडात विनिपेगला हार्वी चोचिनोव्ह म्हणून सायकियाट्रीचे प्राध्यापक आहेत, त्यांनी १९९७ मध्ये अखेरच्या टप्प्यातल्या १९७ पेशंटना सरळ विचारून बघितलं की तुम्ही बहुतेक वेळ उदास असता का, आणि त्या एका प्रश्नाने मोठमोठ्या प्रश्नावल्यांपेक्षा चांगलं काम केलं. नंतर दुसरीकडे तो एकच प्रश्न इतका पक्का ठरला नाही, म्हणून कोणी फक्त त्यावर विसंबत नाही, पण तेव्हापासून एक भीती तरी कमी झाली की विचारलं तर पेशंट खचेल. तो खचत नाही. माझ्या अनुभवात उलट "बरं झालं कोणीतरी विचारलं" हेच जास्त ऐकू येतं, क्वचित कोणी चिडतं, मग आपण थांबायचं.

बरं, ओळखलं, पुढे काय? तर स्कॉटलंडच्याच मंडळींनी, मायकेल शार्प आणि जेन वॉकर यांच्या टीमने, ५०० पेशंट घेतले, सगळ्यांना मेजर डिप्रेशन आणि कॅन्सर बरा होण्याची शक्यता चांगली असलेले. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटात पेशंटच्या डॉक्टरांना फक्त कळवलं की यांना डिप्रेशन आहे, तुम्ही नेहमीप्रमाणे बघा. दुसऱ्या गटात ट्रेनिंग दिलेल्या नर्स नियमित भेटायच्या, त्यांच्या मागे सायकियाट्रिस्ट, गोळ्यांचा डोस बघणं, बोलून उपचार, रोजच्या अडचणी एकेक करून सोडवणं, आणि फरक पडत नसेल तर वाट न बघता बदल करणं. २४ आठवड्यांनी बघितलं तर या दुसऱ्या गटात ६२ टक्के लोकांची लक्षणं निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली होती आणि "नेहमीप्रमाणे" वाल्या गटात फक्त १७ टक्के. मला यातला १७ चा आकडा जास्त बोलका वाटतो. डॉक्टरांना माहीत होतं, गोळ्या लिहायची मुभा होती, तरी एवढंच. म्हणजे नुसतं "डॉक्टरांच्या कानावर घातलंय" याने काही होत नाही, कोणीतरी नेटाने मागे लागावं लागतं.

आणि हो, या क्षेत्रातल्या लोकांनी स्वतःच्या आवडत्या कल्पनासुद्धा तपासून टाकून दिल्यात, म्हणून माझा यांच्यावर जास्त विश्वास आहे. १९८९ मध्ये स्टॅनफर्डचे डेव्हिड स्पीगल यांनी छापलं की शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ बायकांपैकी ज्यांना ग्रुप थेरपी मिळाली त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि बाकीच्या १८.९ महिने. जवळपास दुप्पट! जगभर गाजलं ते. मग २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा आयुष्य वाढलं नाही, मन मात्र सावरलं आणि वेदनेचा त्रास कमी जाणवला. स्पीगल यांनी स्वतःही पुन्हा करून बघितलं, २००७ मध्ये, आणि एकूण गटात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही असं स्वतःच छापलं.

हे एवढं का सांगतेय, तर तुमच्या घरीही कोणीतरी वडिलांना "पॉझिटिव्ह राहा, मन खंबीर ठेवा म्हणजे आजार पळेल" असं सांगत असेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो हो, पण पेशंट त्याचा अर्थ काय लावतो ते मी ऐकते. गाठ वाढली की त्याला वाटतं मीच कमी पडलो, मी नीट पॉझिटिव्ह राहिलो नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये १९७७ पासून कॅन्सर पेशंटसाठी सायकियाट्रीचा विभाग उभा करणाऱ्या जिमी हॉलंड या बाई आयुष्यभर या सक्तीच्या पॉझिटिव्हपणाविरुद्ध बोलत राहिल्या. या विषयाची सुरुवातच त्यांच्यापासून झाली असं म्हटलं तरी चालेल. त्रासाचा थर्मामीटर म्हणतात तो कागद, शून्य ते १० मधला आकडा सांगा, ४ किंवा वर असेल तर पुढची चौकशी करायची, तोही त्यांच्याच गटातून आला. वडिलांच्या हातात पहिल्या दिवशी बहुतेक तोच कागद पडेल. (एक गंमत, नवऱ्याला विचारलं तर तो २ सांगतो आणि बायको मागून बोटांनी ८ दाखवते, हे इतक्यांदा बघितलंय.)

अजून एक गोष्ट, ही तुम्हाला घरीही उपयोगी पडेल. सगळं शांतपण डिप्रेशन नसतं. पेशंट अचानक दोन-तीन दिवसांत गप्प झाला, झोपाळल्यासारखा, विचारलं तर उशिरा आणि भलतंच उत्तर, संध्याकाळी जास्त, तर ते डेलिरियम असू शकतं, म्हणजे इन्फेक्शन, सोडियम-कॅल्शियम वरखाली, मॉर्फिनसारखी औषधं यामुळे मेंदूच्या कामात आलेला गोंधळ. यात आरडाओरडा करणारा पेशंट लगेच लक्षात येतो, गप्प पडून राहिलेला येत नाही, "खचलेत बिचारे" म्हणून सोडून देतात. त्याला डिप्रेशनची गोळी नाही लागत, कारण शोधावं लागतं आणि लगेच. न्यूयॉर्कचे सायकियाट्रिस्ट विल्यम ब्राइटबार्ट यांनी डेलिरियममधून बाहेर आलेल्या पेशंटना विचारलं तर निम्म्याहून जास्त लोकांना तो काळ आठवत होता, आणि जोडीदारांना झालेला त्रास तर पेशंटपेक्षाही जास्त निघाला.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. केमोबरोबर डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड आहे, त्याने झोप उडते, माणूस चिडचिडा होतो, तेव्हा मूडचा तक्ता केमोच्या तारखांसमोर ठेवून बघावा लागतो. मिर्टाझापिन हे डिप्रेशनचं औषध झोप आणि भूक दोन्हीला मदत करतं म्हणून कधी मुद्दाम निवडतात. आणि हे तुमच्या वडिलांसाठी नाही पण इतर कोणी वाचत असेल तर, टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी चालू असलेल्या बायकांना पॅरॉक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी शक्यतो देत नाहीत, कारण टॅमॉक्सिफेनला कामाच्या रूपात आणणारं लिव्हरमधलं एन्झाइम ते अडवतं. त्याऐवजी व्हेन्लाफॅक्सिनसारखं डिप्रेशनचं दुसरं औषध देतात. हे वाचून मनाने गोळी बंद करू नका प्लीज, कुठलीही अचानक बंद करायची नसते, डॉक्टरांना दोन्ही नावं दाखवा.

आता तुमचा खरा प्रश्न, भाग घ्यावा का. माझं मत, वडिलांना विचारा, तुम्ही ठरवू नका. इतका वेळ आजारपणात त्यांच्या वतीने सगळे ठरवतायत. त्यांना नको असेल तर नाही म्हणू देत, स्टडीला नकार दिला म्हणून कॅन्सरच्या उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये आणि मध्येच सोडायचा हक्कही त्यांना असतो, ते सही करायच्या कागदावरच लिहिलेलं असतं. सही करण्याआधी टीमला हे विचारा की ही नुसती पाहणी आहे का उपचाराची तुलना आहे, तुलना असेल तर दुसऱ्या गटाला काय मिळणार, किती वेळा यायचं आणि ते केमोच्या दिवशीच जमवता येईल की वेगळी खेप पडेल, घरी फोनवर चालतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उत्तरांमध्ये गंभीर काही निघालं, समजा जगण्याचा कंटाळा आलाय असं ते बोलले, तर त्याच दिवशी कोण बघणार. चांगल्या टीमकडे याचं उत्तर तयार असतं, अडखळले तर मी दोनदा विचार करेन. तसं काही ते घरी बोलले तर मात्र स्टडीची वाट बघू नका, सरळ डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

मुलाखतीच्या वेळी तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबलात तर बरं. मुलासमोर बाप खरं बोलत नाही, आजोबांसारखे अपवाद सोडा. आणि तुलना असलेली स्टडी असेल तर वडिलांना सांगून ठेवा की मुलाखत घेणाऱ्या माणसाला आपण कुठल्या गटात आहोत ते सांगायचं नाही. आम्हाला ते मुद्दाम माहीत नसतं, नाहीतर नकळत आमचे मार्क झुकतात, पण लोक बसल्या बसल्या "त्या नर्स ताई किती छान बोलतात हो" म्हणून सुरू करतात आणि मग ती मुलाखत दुसऱ्या कोणालातरी परत घ्यावी लागते. जाताना सगळ्या गोळ्यांची यादी न्या, झोपेच्या आणि आयुर्वेदिक काय घेत असतील त्यासकट.