लघुकथेतलं पात्र रूढी आणि बंड यांतली ओढाताण कशी दाखवतं?

भाषण ठोकून क्वचितच. बहुतेक वेळा हातांतून, उशीर होण्यातून, एखाद्या थट्टेतून.

शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ (१९४८) घ्या. गावात दरवर्षी चिठ्ठ्या काढतात; आधी एक घर ठरतं, मग त्या घरातला एक माणूस. काळा ठिपका ज्याच्या वाट्याला येईल त्याला अख्खं गाव दगडांनी मारतं. टेसी हचिन्सन एप्रनला हात पुसत उशिरा पोचते. आज काय आहे ते विसरलेच, म्हणते. भांड्यांवरून विनोद करते, लोक हसतात. इथवर बंडबिंड काही नाही. पाळी तिच्याच घरावर आल्यावर मात्र ती ‘हा अन्याय आहे’ म्हणून ओरडते, आणि लगेच लग्न झालेल्या लेकीला-जावयालाही चिठ्ठी काढायला लावा म्हणते! मला ही जागा सगळ्यांत भेदक वाटते. तिचा राग प्रथेवर नाहीच, आपल्यावर आलेल्या पाळीवर आहे.

दुसऱ्या बाजूला म्हातारा वॉर्नर. सत्त्याहत्तराव्यांदा हजर, आणि लॉटरी बंद करणाऱ्या गावांना वेड्यात काढणारा. पण खरी रूढी दिसते ती मिसेस डेलाक्रॉयमध्ये. मघाशी टेसीशी हसून बोललेली ही बाई शेवटी दगड निवडते तो दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा.