अ‍ॅबाचं हे गाणं घाईत ऐकू नकोस
अ‍ॅबा हा स्वीडिश पॉप बँड ऐकायला 'डान्सिंग क्वीन'पासून सुरुवात केलीस ते बरंच केलंस, पण आता एकदा 'द डे बिफोर यू केम' लाव, आणि प्लीज हेडफोन घालून, मोबाइलच्या स्पीकरवर त्याची पार वाट लागते. १९८२ चं गाणं, जवळपास सहा मिनिटांचं, आणि नेहमीसारखा कोरस नाहीच! पहिल्यांदा कंटाळा येईल, येऊ दे, बंद मात्र करू नकोस. एक बाई आपला साधा दिवस सांगतेय, ट्रेन, ऑफिस, सिगारेट, रात्री टीव्हीवर 'डॅलस', बस. पण नीट ऐक, जवळपास सगळंच 'असं झालं असणार' या सुरात आहे, म्हणजे तो, गाण्याच्या नावातला 'यू', यायच्या आधीचं आयुष्य तिला धड आठवतही नाहीये. अ‍ॅग्नेथा (बँडच्या दोन गायिकांपैकी एक) इथे अगदी साधं गाते, आवाज चढवतच नाही, आणि मागून दुसरीचा, फ्रिडाचा, ऑपेरासारखा आवाज येतो ना, तिथे माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. ब्रिटनच्या चार्टमध्ये हे ३२ व्या नंबरवर अडकलं, अन्याय आहे अक्षरशः. दुसऱ्यांदा ऐकताना लिरिक्स समोर ठेव, मग तो आला ते चांगलं झालं की वाईट हे तूच ठरव, मला विचारशील तर सूर आनंदाचा नाही वाटत.