एक्लिप्समध्ये क्लासच्या मेथड विझार्डने कराव्यात की हाताने लिहाव्यात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: एक्लिप्समध्ये (कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) जावाच्या मेथड विझार्डकडून, म्हणजे आपल्यासाठी कोड लिहून देणाऱ्या खिडकीकडून, करून घ्याव्यात का, आणि स्टॅटिक मेथडसाठी (जी ऑब्जेक्ट न बनवता थेट क्लासच्या नावावरून चालते) विझार्ड कुठे आहे. मी फोंड्यात मुलांना जावा शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी समोर येतो.

आधी दुसरं, कारण ते सोपं आहे. स्टॅटिकसाठी वेगळी खिडकी शोधत बसू नका. मेथड अस्तित्वात आहे असं धरून आधी ती वापरा: 'फेरी पुढची = फेरी.शोध(धक्का, वेळ);'. 'शोध'खाली लाल रेघ येईल. तिथे कंट्रोल आणि १ दाबून 'क्रिएट मेथड' निवडा. क्लासच्या नावावरून हाक मारली असल्यामुळे मेथड आपोआप स्टॅटिक होते. पॅरामीटरचे टाइप आणि रिटर्न टाइपही त्या ओळीवरूनच ठरतात. मला हीच पद्धत सगळ्यात आवडते, कारण मेथड कशी वापरली जाणार याचा विचार आधी होतो.

आता पहिला प्रश्न. बाकीचे विझार्ड ऑल्ट, शिफ्ट आणि एस दाबल्यावर उघडणाऱ्या सोर्स मेनूत आहेत. गेटर-सेटर (फील्ड, म्हणजे ऑब्जेक्टमधली माहिती, वाचणाऱ्या आणि बदलणाऱ्या मेथड) खुशाल तिथून घ्या, फक्त 'सिलेक्ट ऑल' दाबू नका. जे फील्ड बाहेरून बदलायचंच नाही, त्याला सेटर कशाला?

खरी काळजी इक्वल्स आणि हॅशकोडची, म्हणजे दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का हे ठरवायला लागणाऱ्या मेथडची. रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या वेळापत्रकाचा एक सराव-प्रोग्रॅम मी लिहिला होता. फेरी या क्लासमध्ये धक्का आणि वेळ अशी दोन फील्ड्स होती. त्यांवर टिक करून विझार्डकडून दोन्ही मेथड घेतल्या. पुढे तारीख हे तिसरं फील्ड घातलं आणि त्या मेथडकडे वळून पाहिलं नाही. सोमवारची सकाळी सातची फेरी आणि मंगळवारची सातची फेरी, दोन्ही एकच ठरल्या. हॅशसेटने (एकसारख्या गोष्टी एकदाच ठेवणाऱ्या संग्रहाने) दुसरी गुपचूप नाकारली. एरर नाही, वॉर्निंग नाही. सगळी संध्याकाळ मी फाइल वाचणाऱ्या कोडमध्ये चूक शोधत होतो.

विझार्ड त्या क्षणी क्लास जसा असेल तसा कोड लिहून मोकळा होतो. पुढचे बदल त्याला कळत नाहीत. फील्ड वाढवलं की तोच मेनू पुन्हा चालवा. मेथड आधीच आहेत, नव्याने करू का, असं एक्लिप्स विचारतं. हो म्हणा.

तसंच 'ओव्हरराइड/इम्प्लिमेंट मेथड्स'चं. तिथून मिळतो तो नुसता सांगाडा. कम्पेअरटू (दोन ऑब्जेक्टचा क्रम ठरवणारी मेथड) घेतलीत तर आत 'रिटर्न ०' असतं आणि कोड बिनतक्रार कंपाइल होतो. मग ट्रीसेटमध्ये (याच मेथडवरून क्रम लावणाऱ्या संग्रहात) तीस फेऱ्या घाला, पहिली एकच राहते, कारण शून्य म्हणजे दोन्ही सारख्या. 'टूडू'ची ओळ (काम बाकी असल्याची खूण) दिसली की मेथड पुरी केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

क्लास नुसता माहिती बाळगणारा असेल आणि तुमच्याकडे जावा १६ किंवा त्यापुढचं असेल, तर रेकॉर्ड हा जावातला खास प्रकारचा क्लास वापरा. त्यात इक्वल्स आणि हॅशकोड सगळ्या घटकांवरून आपोआप होतात, नवा घटक घातला तरी. मात्र ऑब्जेक्ट एकदा तयार झाला की त्याची फील्ड्स बदलता येत नाहीत. फेरीच्या वेळापत्रकाला ते चालतं.