पाणलोटाचा अभ्यास हाती घेणाऱ्या तरुण प्राध्यापिकेस

पुणे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

महाविद्यालयात रुजू झाल्याचे तुझे पत्र मिळाले. रसायनशास्त्राचे तास, प्रात्यक्षिके आणि त्यांच्या जोडीला मुळा-मुठेच्या पाणलोटातील पाण्याच्या गुणवत्तेवर संशोधन असा तुझा विचार वाचून मला मनापासून आनंद झाला. मात्र शिकवणे आठवड्याचे पाच दिवस आणि संशोधन उरलेल्या वेळात, अशी जी विभागणी तू आखली आहेस ती मला मान्य नाही, आणि त्याची कारणे सविस्तर सांगावीत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे बी.एस्सी.चा विद्यार्थी अनुमापन (थेंबाथेंबाने दुसरे द्रावण घालून पदार्थाचे प्रमाण मोजणे) शिकतो ते शिक्षकाने आधीच तयार करून ठेवलेल्या द्रावणावर. त्याचे उत्तर शिक्षकाला ठाऊक असते, जर्नल तपासणाऱ्याला ठाऊक असते आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमुळे बहुतेकदा विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. त्यामुळे ब्लँक (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेली तीच चाचणी) का घ्यायचा, एकाच नमुन्याचे दोनदा विश्लेषण का करायचे, हे प्रश्न त्याला कधी पडतच नाहीत. त्याच्या हाती विठ्ठलवाडीला नदीच्या पाण्याने भरलेली बाटली दे. तिच्यातील क्लोराइडचे प्रमाण कोणालाच ठाऊक नसल्याने स्वतःच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्याला स्वतःलाच ठरवावे लागेल, आणि ब्लँक, दुबार नमुना, प्रमाणित द्रावण या गोष्टी नियम म्हणून नव्हे तर गरज म्हणून त्याच्या लक्षात येतील. तुझ्या संशोधनाला जी शिस्त लागते तीच तुझ्या वर्गाला हवी आहे.

क्लोराइडचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. आपले खोरे बेसॉल्टचे, म्हणजे काळ्या कातळाचे आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड या खडकातील खनिजांवर काम करतो आणि पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका उतरतात. क्लोराइड मात्र या खडकातून जवळजवळ येत नाही. ते आपल्या जेवणातल्या मिठातून, सांडपाण्यातून येते, आणि एकदा पाण्यात आले की सहसा अवक्षेपित होत नाही व जिवाणूही ते संपवत नाहीत. म्हणून खडकवासला धरणाच्या वर, राजाराम पुलाजवळ, संगमावर आणि बंडगार्डनला एकाच दिवशी क्लोराइड मोजले, तर नदीत शहराचा वाटा कुठे किती वाढतो याचा पहिला अंदाज एका ब्यूरेटच्या (अनुमापनाच्या काचनळीच्या) आधारे बांधता येतो. महागडे उपकरण येईपर्यंत थांबण्याचे काहीच कारण नाही.

या प्रयोगात सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम क्रोमेट वापरले जाते, तर रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या (पाण्यातील घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागेल याच्या) चाचणीत डायक्रोमेट आणि पाऱ्याचे संयुग. हा सगळा टाकाऊ द्रव वेगळ्या बाटल्यांत साठवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लाव. प्रयोगशाळेच्या बेसिनला सोडलेले पाणी त्याच नदीकडे जाते, आणि नदी तपासणाऱ्यांनी तिच्यात क्रोमियम सोडणे मला अक्षम्य वाटते.

पाणलोटाचा अभ्यास म्हणजे शहरातल्या पुलांवरून पाणी काढणे एवढाच अर्थ घेऊ नकोस. टेमघर, वरसगाव आणि पानशेत या धरणांच्या वर, सह्याद्रीच्या माथ्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, तर पुणे शहरात सुमारे सातशे. तेवढ्या थोड्या अंतरात पाऊस, माती, भातखाचरे, फार्महाऊस, वस्ती असे सारे बदलत जाते. वरच्या ओढ्यांची विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे माप) आणि बायकार्बोनेट माहीत नसेल, तर खाली जे बिघडले ते कशाच्या तुलनेत बिघडले हे तू सांगूच शकणार नाहीस. शिवाय खडकवासल्याचे पाणी कालव्यात आणि शहराच्या पुरवठ्यात वळवले जाते. त्यामुळे पावसाळा सरल्यावर धरणाखाली मुठेच्या पात्रात नैसर्गिक प्रवाह फारच थोडा राहतो, आणि उन्हाळ्यात शहरातून जे वाहताना दिसते त्यात मोठा भाग सांडपाण्याचाच असतो. मार्चमधल्या आणि ऑगस्टमधल्या नमुन्यांची सरासरी काढून ‘वार्षिक गुणवत्ता’ म्हणून तक्ता छापणे म्हणजे दोन निरनिराळ्या पाण्यांची सरासरी काढणे होय. तसा तक्ता माझ्याकडे परीक्षणाला आला तर मी तो परत पाठवतो.

प्रवाह मोजल्याशिवाय संहतीला (लिटरमागे असलेल्या पदार्थाच्या प्रमाणाला) अर्थ नाही, हे विद्यार्थ्यांना एका गणिताने पटवून दे. लिटरला एक मिलिग्रॅम या संहतीचे पाणी सेकंदाला एक घनमीटर वाहत असेल, तर दिवसाला 86.4 किलो पदार्थ पुढे जातो. समज, उन्हाळ्यात एखाद्या पुलाखाली जैविक ऑक्सिजन मागणी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला 30 मिलिग्रॅम आहे आणि प्रवाह सेकंदाला 5 घनमीटर आहे. भार, म्हणजे दिवसभरात वाहून जाणारे एकूण प्रमाण, झाला दिवसाला सुमारे 13 हजार किलो. पावसाळ्यात तिथेच मागणी 6 वर आली आणि प्रवाह 200 झाला, तर भार एक लाख किलोच्या वर जातो. संहती पाहणारा म्हणेल की नदी सुधारली. भार पाहणारा विचारेल की एवढे कुठून आले, आणि मग त्याला गटारांच्या पलीकडे रस्ते, ओढे, कचऱ्याचे ढीग आणि शेते दिसू लागतील. खाली भीमेला मिळून हे पाणी उजनीत साठते, सोलापूरला पिण्यासाठी जाते आणि पंढरपूरच्या वाळवंटावरून वाहते. तिथल्या माणसांपर्यंत जे पोहोचते तो भारच असतो.

नमुना कोणत्या वेळी घेतला हे न लिहिलेला आकडा मी वाचत नाही. पुण्याच्या उंचीवर 25 अंशांना पाणी हवेतल्या ऑक्सिजनने संपृक्त असेल तर त्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला सुमारे 7.7 मिलिग्रॅम असतो. शेवाळ माजलेल्या संथ पाण्यात दुपारी तो याहूनही वर जाऊ शकतो आणि पहाटे त्याच जागी मासे तगणार नाहीत इतका खाली येऊ शकतो. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला असेल तर दुपारीही तो वाढत नाही. आपले वेळापत्रक अकरा ते पाचचे आहे म्हणून नदीही अकरानंतरच तपासायची, असे करून चालणार नाही; वर्षातून निदान काही वेळा पहाटे जावेच लागेल. विंकलर पद्धतीने (ऑक्सिजन रसायनांत बांधून मग अनुमापनाने) मोजत असशील तर ऑक्सिजन काठावरच स्थिर कर आणि अभिकर्मकात अझाइड विसरू नकोस, कारण ते नसेल तर सांडपाण्यातील नायट्राइट आयोडाइडपासून आयोडीन मुक्त करते आणि नदी आहे त्याहून निरोगी दिसते.

समतोलाचा पाठ शिकवताना अमोनियाचे उदाहरण घे. पंचवीस अंशांना अमोनियम आयनाचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला (पीएचला) अमोनियम आणि मुक्त अमोनिया निम्मे-निम्मे असतात तो आकडा, 9.25 आहे. सामू 7.5 असताना माशांना घातक असलेला मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या दोन टक्क्यांहून कमी असतो, आणि सामू 8.5 झाला की तो पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरते, सामू चढतो, आणि सांडपाण्याचा एक थेंबही न वाढता पाणी अधिक विषारी होते. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातले समीकरण इतक्या जवळ कुठे काम करताना सापडेल? शिवाय अमोनियाच्या स्वरूपातील एक मिलिग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होताना साडेचार मिलिग्रॅमहून अधिक ऑक्सिजन खर्च होतो, हेही सोबत सांग, म्हणजे प्रक्रिया केलेल्या पाण्यात अमोनिया का तपासायचा ते त्यांना कळेल.

आकडे लोकांपुढे मांडताना एककाची फार काळजी घे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, पण ती नायट्रेट म्हणून. नायट्रोजन म्हणून मोजले तर तीच मर्यादा साधारण 10 होते. एखाद्या गावाच्या विहिरीचे पाणी तपासून 12 हा आकडा नुसताच सांगितलास, तर ती विहीर सुरक्षित आहे की नाही हे गावाला कळणार नाही, आणि नायट्रेटचा धोका तान्ह्यांना अधिक असल्याने लहान मुलांच्या घरात या गोंधळाची किंमत मोजावी लागते. ज्यांच्या विहिरीतून नमुना घेतलास त्यांना निकाल मराठीत, लेखी आणि शोधनिबंधाच्या आधी मिळाला पाहिजे. हा त्यांचा हक्क आहे.

ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळलेला एखादा रंग शोषून घेणारी नवी पावडर तयार करून झटपट निबंध लिहिण्याचा सल्ला तुला मिळेल. त्यातले रसायनशास्त्र चुकीचे नसते, पण खऱ्या पाण्यातील कठीणपणा, गाळ आणि सेंद्रिय पदार्थांपुढे ती पावडर टिकते का हे तपासले नाही तर पाणलोटाला त्याचा उपयोग नाही. त्याच त्या पुलांवर दर महिन्याला, वर्षानुवर्षे, एकाच पद्धतीने घेतलेल्या नोंदी पदोन्नतीला कदाचित उशिरा उपयोगी पडतील. तरीही तू त्याच घ्याव्यास असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विद्यार्थ्यांच्या बॅचेस बदलतील, म्हणून बाटली धुण्यापासून नमुन्याच्या खोलीपर्यंत सारी पद्धत लिहून ठेव, आणि प्रत्येक नव्या बॅचने पहिले दोन महिने जुन्या बॅचसोबत समांतर मोजमाप करावे.

पहिल्या जोरदार सरीबरोबर उन्हाळाभर साचलेले सारे नदीत उतरते. तो नमुना वर्षातून एकदाच मिळतो, म्हणून मेअखेर आम्लाने धुतलेल्या बाटल्या आणि बर्फाची पेटी तयार ठेव. मात्र खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाल्याची सूचना आली की कोणाही विद्यार्थ्याला पात्रात उतरू देऊ नकोस. पुलावरून दोरीला बांधलेल्या बादलीने पाणी घ्या, हातमोजे घाला, आणि दोघांपेक्षा कमी जणांनी कधीही जाऊ नका. जूनच्या आधी एखाद्या रविवारी आलीस तर नमुन्याच्या जागा आपण नकाशावर एकत्र बसून ठरवू.

तुझे,
सर