वाचकांचे प्रश्न : युनूस म्हणजे कबूतर की मासा?

प्रश्न : नमस्कार. आमच्या शेजारच्या भाभींना नातू झाला, नाव ठेवलं युनूस. अकीक्याच्या, म्हणजे बाळ झाल्यावरच्या विधीच्या, जेवणाला मी गेले होते, तिथं एक बाई म्हणाल्या हे मच्छीवाल्या पैगंबरांचं नाव. घरी आल्यावर लेकीनं मोबाईलवर बघितलं तर अर्थ आला कबूतर. मग खरं काय धरायचं? आणि कुराणात हे नाव कुठं कुठं येतं? भाभींना विचारलं तर म्हणाल्या, मला आयते करीमा ही कुराणातली दुआ तेवढी पाठ आहे, बाकीचं मला विचारू नका. म्हणून तुम्हाला लिहितेय.
— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, दोन्ही खरं आहे. घोळ एवढाच की ही दोन वेगळी नावं आहेत आणि माणूस एकच आहे.

युनूस हे नाव मुळात हिब्रू, तिथं ते योना असं आहे आणि हिब्रूत योना म्हणजे कबूतर, आपण पारवा म्हणतो तोच. मराठी बायबलमध्येही या पैगंबरांच्या नावाचं छोटं पुस्तक आहे, चारच अध्यायांचं, त्याचं नाव योना. आता योनाचं युनूस कसं झालं, तर मधे ग्रीक भाषा आहे. ग्रीकमध्ये पुरुषाच्या नावाला शेवटी बऱ्याचदा 'स' लागतो, त्यामुळं तिथं योनाचं योनास झालं, आणि अरबीत जे नाव आलं ते या 'स'सकट आलं. असंच अजून एक नाव आपल्या ओळखीचं आहे, इलियास. हिब्रूत एलिया किंवा एलियाहू, ग्रीकमध्ये एलियास आणि अरबीत इलियास. त्यावरून अभ्यासक म्हणतात की हे उच्चार त्या भागातल्या ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यातून अरबीत आले असावेत, आणि मला ते पटतं. अरबी व्याकरणवाल्यांनीही हे नाव 'अजमी' म्हणजे बाहेरून आलेलंच धरलंय. अरबीत कबुतराला हमामा म्हणतात, त्यामुळं अरबी माणसाला युनूस ऐकून कबूतर डोळ्यासमोर येत नाही. तुर्की भाषेत तर डॉल्फिनलाच युनूस म्हणतात.

आता मासा. कुराणात याच पैगंबरांना एका ठिकाणी 'जुन्नून' म्हटलंय. नून म्हणजे मासा, हा शब्द अरबीत आहे आणि तिच्या बहीणभाषेत, आरामीतही आहे. जुन्नून म्हणजे माशाशी ज्यांचं नातं आहे ते. दुसऱ्या एका ठिकाणी 'साहिबुल हूत' असं आहे, हूत म्हणजे मोठा मासा, तेव्हा अर्थ तोच, माशाचे सोबती. अकीक्यातल्या बाई म्हणाल्या मच्छीवाले पैगंबर, ते या दोन नावांचं सरळ आपल्या बोलीतलं रूप झालं. त्यांचं काही चुकलं नाही.

युनूस हे नाव कुराणात एकूण चारदा येतं. चौथ्या सूरेत म्हणजे अध्यायात, निसाच्या १६३ व्या आयतीत म्हणजे वचनात, आणि सहाव्या सूरेत, अनआमच्या ८६ व्या आयतीत, ते बाकीच्या पैगंबरांच्या नावांच्या रांगेत येतं, तिथं गोष्ट नाही, मान आहे. ३७ व्या सूरेत, साफ्फातमध्ये, १३९ पासून १४८ पर्यंत त्यांची गोष्ट येते आणि सुरुवातच अशी होते की युनूस हे नक्कीच पाठवलेल्यांपैकी होते, म्हणजे रसूल होते. आधी हे सांगून झाल्यावरच मग ते निघून गेले ते सांगितलंय. निघून गेले याला तिथं जो अरबी शब्द आहे तो मालकाला न सांगता पळालेल्या गुलामासाठी वापरायचा शब्द आहे, एवढा कडक. मग भरलेलं जहाज, चिठ्ठ्या टाकणं, चिठ्ठीत त्यांचं निघणं, माशानं गिळणं, आणि ते अल्लाहची तस्बीह म्हणजे स्तुती करणाऱ्यांपैकी नसते तर कयामतपर्यंत त्या पोटातच राहिले असते असं स्पष्ट म्हटलंय. पुढं उघड्या किनाऱ्यावर आजारी अवस्थेत येऊन पडणं आणि त्यांच्यावर उगवलेला एक वेल. त्या वेलाला 'यक्तीन' म्हटलंय, आपल्याकडं दुधी, भोपळा यांचा असतो तसा. मग एक लाख किंवा त्याहून जास्त लोकांकडं त्यांना पाठवलं आणि त्या लोकांनी ऐकलं.

चौथा उल्लेख दहाव्या सूरेत आहे आणि मला सगळ्यात जवळचा तोच. या सूरेचं नावच यूनुस, १०९ आयती, पण कुणी पैगंबरांची गोष्ट वाचायची म्हणून ती उघडली तर त्यात ना मासा आहे ना जहाज. नाव फक्त एकदा येतं, ९८ व्या आयतीत, आणि तेही 'युनूसची कौम' म्हणजे त्यांचे लोक, असं. सांगितलंय काय, तर अशी एखादी वस्ती का झाली नाही की जी वेळेत ईमान म्हणजे श्रद्धा आणती आणि तिला त्याचा फायदा होता, एक युनूसची कौम सोडून, त्यांनी ईमान आणलं तेव्हा आम्ही त्यांच्यावरचं अपमानाचं संकट काढून घेतलं. बाकीच्या पैगंबरांच्या गोष्टी आठवा, नूह असोत, हूद असोत, सालेह असोत, लोक ऐकत नाहीत आणि शेवटी पाणी येतं, वारा येतो, किंकाळी येते. इथं एकच गाव असं आहे जे वेळेत थांबलं, आणि सगळी सूरा त्या एका उल्लेखावरून ओळखली जाते. आपण युनूस म्हटलं की मासाच धरून बसतो, मी पण लहानपणी तेच धरून बसलो होतो, पण या नावात ते गाव पण आहे.

नावाशिवायचे दोन उल्लेख म्हणजे वर सांगितले ते, जुन्नून २१ व्या सूरेत, अंबियाच्या ८७ व्या आयतीत आणि साहिबुल हूत ६८ व्या सूरेत, कलमच्या ४८ व्या आयतीत. या दोन्हींतला फरक जुन्या विद्वानांनी फार बारकाईनं बघितलाय. कलममध्ये मुहम्मद पैगंबरांना सांगितलंय की धीर धरा, त्या माशाच्या सोबत्यासारखं होऊ नका. जिथं उतावीळपणा दाखवायचा होता तिथं मूळ नाव घेतलंच नाही, साधं साहिबुल हूत म्हटलं. आणि जिथं त्यांची दुआ सांगायची होती तिथं जुन्नून, ज्यातला 'जू' हा शब्द अरबीत जास्त मानाचा समजतात. चूक सांगतानाही एखाद्याचं नाव कसं जपायचं हे यातून दिसतं असं मला वाटतं.

भाभींना पाठ आहे ती आयते करीमा याच ८७ व्या आयतीत आहे. "ला इलाहा इल्ला अन्ता, सुब्हानका, इन्नी कुन्तु मिनज्जालिमीन." तुझ्याशिवाय कुणी माबूद म्हणजे भक्ती करावी असा नाही, तू पवित्र आहेस, चुकलो मीच. कुराणात म्हटलंय की त्यांनी 'जुलुमात'मध्ये हाक मारली, हा शब्द अनेकवचनी आहे, अंधार नाही तर अंधारांमध्ये. मुफस्सिर म्हणजे कुराणाचं विवरण करणारे त्याचा अर्थ लावतात की रात्रीचा अंधार, समुद्राचा अंधार आणि माशाच्या पोटातला अंधार. लगेच पुढच्या आयतीत आहे की आम्ही त्यांचं ऐकलं आणि ईमानवाल्यांना आम्ही असंच सोडवतो, म्हणून तर अडचणीत घरोघरी ही वाचतात. आमच्या दादीमा मोठं आजारपण आलं की सव्वा लाख वेळा वाचायची नियत करायच्या, चादरीवर चिंचोक्यांचा ढीग ओतायचा आणि गल्लीतल्या सगळ्या बायका गोल बसून एकेक चिंचोका इकडून तिकडं. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी आमच्या पायऱ्यांपर्यंत आलं, लाईट गेलेली, मोबाईल बंद, वरच्या खोलीत आम्ही नऊ माणसं, तेव्हा आईनं अंधारात हीच आयत चालू केली आणि शेजारचे काका, जे रोज सकाळी अंबाबाईला जाऊन येतात, ते पण आमच्याबरोबर म्हणत बसले. जुलुमात हा शब्द अनेकवचनी का आहे हे मला त्या रात्री कळलं.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. माझा ख्रिस्ती मित्र म्हणतो की आमच्या बायबलातला योना आणि तुमच्या कुराणातले युनूस एकच. गोष्ट पण सेम आहे का?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : माणूस एकच, सांगायची पद्धत वेगळी. बायबलात वडिलांचं नाव अमित्तय आहे, हदीसमध्ये, म्हणजे मुहम्मद पैगंबरांच्या वचनांत, युनूस इब्न मत्ता म्हणजे मत्ताचा मुलगा युनूस असं येतं, बघितलंस तर मत्ता आणि अमित्तय लांबचे नाहीत. बायबलात दुसऱ्या राजे या पुस्तकात त्यांचं गाव गथ-हेफेर दिलंय आणि काळ यराबाम दुसरा या राजाचा, म्हणजे ख्रिस्तपूर्व आठवं शतक. ज्या शहराला ते गेले ते निनवे, असुरी साम्राज्यातलं, आजच्या इराकमध्ये मोसूलला लागून. कुराणात मात्र निनवेचं नावच नाही, शहराचं नाव येतं ते मुहम्मद पैगंबरांच्या चरित्रात. मुहम्मद पैगंबर ताइफला गेले, तिथल्या लोकांनी दगड मारून हाकललं, रक्तबंबाळ होऊन एका बागेत बसले तेव्हा अद्दास नावाच्या एका ख्रिस्ती गुलामानं द्राक्षं आणून दिली. त्याला गाव विचारलं, तो म्हणाला निनवे, तर पैगंबर म्हणाले, म्हणजे त्या नेक माणसाच्या, युनूस इब्न मत्ताच्या गावचा. अद्दास चकित झाला की तुम्हाला ते कसे माहीत, तर उत्तर आलं, ते माझे भाऊ आहेत, तेही नबी होते आणि मीही नबी आहे. ज्या दिवशी स्वतःच्या लोकांनी दगड मारले त्या दिवशी हे नाव निघालं, हे मला नेहमी हलवून जातं. बुखारी या हदीसच्या संग्रहात हदीसही आहे की कुणी असं म्हणू नये की मी युनूस इब्न मत्तापेक्षा श्रेष्ठ आहे.

गोष्टीतले फरक सांगायचे तर बायबलात तीन दिवस तीन रात्री माशाच्या पोटात, कुराणात दिवस मोजलेले नाहीत. बायबलात निनवेत एक लाख वीस हजारांवर लोक, कुराणात एक लाख किंवा जास्त. आणि वेलाची जागा बदलते, ही गंमत नीट बघ, बायबलात शहर वाचल्यावर योना रागावून बाहेर जाऊन बसतो तेव्हा वेल उगवतो आणि दुसऱ्या दिवशी किडा लागून वाळतो, त्यातून त्याला धडा दिला जातो. कुराणात तो वेल माशाच्या पोटातून बाहेर आलेल्या आजारी माणसाच्या अंगावर सावली म्हणून येतो. ज्यू लोक योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशी दुपारी हे योनाचं पुस्तक वाचतात, तेव्हा एका नावाभोवती तीन धर्म आहेत.

मोसूलला नबी युनूस नावाची टेकडी आहे, तिथं त्यांची कबर मानली जायची, ती मशीद जुलै २०१४ मध्ये आयसिसवाल्यांनी स्फोटानं उडवली. नंतर खाली असुरी राजवाड्याचे अवशेष सापडले. पॅलेस्टाईनमध्ये हलहूल गावातही नबी युनूसची मशीद आहे.

मित्राला सांग की दोघं बसून दोन्ही वाचा, मराठीत दोन्ही मिळतं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग १९०६ साली ज्यांच्या आधारानं उभं राहिलं त्या शाहू महाराजांनी कुराणाचं मराठी भाषांतर व्हावं म्हणून पैसा घातला होता, तेव्हा कोल्हापुरात बसून हे मराठीत वाचायला लाजायचं काही कारण नाही.

प्रश्न : युनानी दवाखान्यातलं युनानी आणि युनूस यांचा संबंध आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. युनान म्हणजे ग्रीस, तो शब्द आयोनिया या ग्रीक लोकांच्या प्रदेशावरून आलाय. आपल्याकडचा यवन पण तिथलाच. युनूसचं मूळ योना, कबूतर. उच्चार जवळ आले एवढंच.

प्रश्न : नावाचं बरोबर स्पेलिंग काय? युनूस, यूनुस, युनुस, तिन्ही बघितलेत. जन्मदाखला काढायचाय.
— एक बाप, कागल

उत्तर : अभिनंदन. अरबीत पहिला ऊ लांब आणि दुसरा आखूड, म्हणून अरबीला धरून लिहायचं तर यूनुस, वर सूरेचं नाव मी तसंच लिहिलंय. मराठीत मात्र शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा उकार लांब लिहायची पद्धत आहे, जसं फूल, मूल, कापूस, म्हणून मराठीत युनूस बसतं आणि कानाला पण बरोबर लागतं. जुन्या अरबीतच काही लोक युनिस, युनस असंही म्हणायचे, तेव्हा उच्चारावरून कुणी वाद घातला तर मनाला लावून घेऊ नका. माझं मत विचाराल तर युनूस लिहा, पण जे लिहाल ते जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला तिन्हीकडं अक्षरन् अक्षर सारखं ठेवा, इंग्रजीतलं पण आजच ठरवून टाका, कारण नंतर एका उकारासाठी गॅझेट करायचं म्हटलं की हेलपाटे पोरालाच घालावे लागतात.