पाणी चढण्याआधी सर्व्हर हलवता येतो का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय सांगलीत गणपती पेठेत, तळमजल्यावर आहे. २०१९ च्या पुरात सर्व्हरच्या खोलीत पाणी शिरलं आणि कारभार रुळावर यायला फार दिवस गेले. आता एकाच सर्व्हरवर हायपर-व्ही (एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) घालून चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरमधले संगणक, चालवतो. डेटा साधारण १.२ टीबी, लाइन २० एमबीपीएस. व्हेंडर म्हणतो, इचलकरंजी शाखेत दुसरा सर्व्हर ठेवू, दर ५ मिनिटांनी मशीनची प्रत तिकडे जाईल आणि रोजच्या बॅकअपची कटकट संपेल. संचालक मंडळाला काय सांगू?
– संगणक विभागप्रमुख, सांगली

उत्तर : दुसरी साइट करा, यात दुमत नाही. पण इचलकरंजी नको. तुमच्याकडे कृष्णा चढते तेव्हा तिकडे पंचगंगा चढलेली असते. दोघींचं पाणी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या एकाच पावसाचं आणि त्या मिळतातही जवळच, नृसिंहवाडीला. २०१९ ला दोन्ही नद्यांनी एकाच आठवड्यात हाहाकार केला होता. संस्थेची विटा किंवा जतसारख्या दुष्काळी भागात शाखा असेल तर ती बघा, नाहीतर पुण्यातल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये जागा भाड्याने घ्या. शाखा निवडलीत तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन आणि जनरेटर आधी, सर्व्हर नंतर.

आता बॅकअप बंद करण्याबद्दल. हे अजिबात मान्य करू नका, व्हेंडर कितीही ओळखीचा असो. पलीकडे जाणारी ही प्रत म्हणजे रेप्लिका, आणि सांगलीत जे घडेल ते ५ मिनिटांत तिकडेही घडणार. कुणी चुकून डेटाबेसमधलं टेबल उडवलं, तिकडेही उडालं. रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्या, तिकडेही झाल्या. हायपर-व्हीमध्ये तासातासाच्या मागच्या प्रती ठेवता येतात, पण जास्तीत जास्त २४. म्हणजे शनिवारी दुपारी घात झाला आणि सोमवारी सकाळी काउंटर उघडल्यावर लक्षात आला, तर चांगली प्रत एकही शिल्लक नाही. रोजचा बॅकअप चालूच ठेवा आणि त्यातली एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर, कार्यालयाबाहेर.

तुमच्या लाइनचं गणितही मांडून बघा. २० एमबीपीएस पूर्ण मोकळी मिळाली तरी तासाला ९ जीबी जातात. १.२ टीबीला साडेपाच दिवस लागतील, आणि तेवढे दिवस शाखा रडतील. म्हणून पहिली प्रत एक्सटर्नल हार्ड डिस्कवर काढून गाडीने न्या; हायपर-व्हीत ती सोय आहेच. पुढे फक्त बदल जातात. त्यातही एक खाचखळगा हमखास असतो : रात्री डेटाबेसचा डंप (बॅकअपसाठी काढलेली पूर्ण प्रत) त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर पडतो, आणि रेप्लिकाच्या दृष्टीने तो सगळा नवा बदलच! सकाळी बघावं तर सिंक (दोन्हीकडच्या प्रतींची जुळणी) तासन्‌तास मागे. डंपसाठी वेगळी व्हर्च्युअल डिस्क करा आणि रेप्लिकेशन चालू करताना तिच्यासमोरची खूण काढून टाका. लाइनवरून डेटा सर्टिफिकेट वापरून ४४३ पोर्टनेच पाठवा. ८० पोर्टच्या पद्धतीत तो एन्क्रिप्ट होत नाही, म्हणजे वाटेत कुणी वाचू शकतं, आणि हे सभासदांचे पैसे आहेत.

माझ्या मते मंडळासमोर सगळ्यात जोर देऊन मांडायची गोष्ट वेगळीच आहे. आग किंवा शॉर्टसर्किट सांगून येत नाही. तसं झालं तर शेवटच्या काही मिनिटांच्या नोंदी जातील आणि त्या व्हाउचरवरून पुन्हा घालाव्या लागतील. कृष्णा मात्र सांगून येते. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, पण एका रात्रीत नाही. एवढी सवड मिळत असताना सर्व्हर बुडायची वाट का बघायची? हायपर-व्हीत प्लॅन्ड फेलओव्हर आहे. सांगलीतलं मशीन नीट बंद करायचं, उरलेले बदल पलीकडे जातात, आणि तिकडचं मशीन एकही नोंद न गमावता उठतं. मग इकडचा सर्व्हर रॅकमधून काढून वरच्या मजल्यावर नेता येतो. पाणी ओसरल्यावर उलट दिशेने सिंक करून परत यायचं. त्यासाठी सांगलीचा सर्व्हरही रेप्लिका घेण्यासाठी आधीच तयार करून ठेवायचा.

पण हे मशीन आपणहून करत नाही. कुणीतरी माणसाने बटण दाबावं लागतं, आणि घोडं नेमकं इथेच अडतं. अध्यक्ष फोनवर नसतात, व्यवस्थापक म्हणतात उद्या बघू, तोवर वीज तोडलेली असते. म्हणून ठराव करून घ्या : पाणी अमुक फुटांवर आलं आणि कोयनेतून विसर्ग वाढतोय, की तुम्ही, कुणालाही न विचारता, मशीन हलवायची. ३८ फूट मला योग्य वाटतात. तुमच्या पेठेत पाणी कधी शिरतं ते तुम्हाला जास्त ठाऊक, त्या हिशेबाने आकडा ठरवा.

आणि चाचणी. रेप्लिकाचा रंग हिरवा दिसतो याचा अर्थ प्रत पोचते एवढाच. टेस्ट फेलओव्हर केलात तर मूळ मशीन आणि सिंक दोन्ही चालू राहतात, तिकडे वेगळ्या नेटवर्कवर एक तात्पुरती प्रत उभी राहते. रविवारी एका रोखपालाला सोबत घेऊन बसा. लॉगिन होतं का, खातं उघडतं का, पासबुक छापलं जातं का, हे त्याच्या हातून करवून घ्या. एका संस्थेच्या चाचणीत चारही मशीन छान उठली आणि सॉफ्टवेअरने लायसन्स सापडत नाही म्हणून दारातच अडवलं. यूएसबीचं लॉक जुन्या सर्व्हरच्या मागे लावलेलं होतं. ते रेप्लिकात जाणार कसं? तुमच्याकडे तसं लॉक असेल तर दुसरं आताच मागवा. तिकडे डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) मात्र रेप्लिका म्हणून नको, स्वतंत्र दुसरा चालता ठेवा. शाखांचे व्हीपीएनही (शाखांना सर्व्हरशी जोडणारे सुरक्षित मार्ग) दोन्हीकडे जोडलेले असू द्या, नाहीतर सर्व्हर उठेल आणि एकाही शाखेला दिसणार नाही.

राहिला खर्च. दुसऱ्या सर्व्हरवरच्या विंडोज आणि डेटाबेसच्या परवान्यांचं काय, हे व्हेंडरकडून कोटेशनमध्येच लिहून घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर सही करू नका.