काचबिंदूची गोळी लेहच्या प्रवासात कशी चालते?

प्रश्न : वडिलांच्या डोळ्यातील दाब काचबिंदूमुळे वाढला तेव्हा त्यांना अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या दिल्या होत्या. पुढे मी लेहला निघालो, तर डॉक्टरांनी मलाही तीच गोळी लिहून दिली. आम्हा दोघांच्याही बोटांना मुंग्या येत होत्या आणि मला सोडा अगदीच बेचव लागला. या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध? या गोळीने माझी अ‍ॅसिडिटीही कमी होईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ही गोळी कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज या विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवते आणि ते शरीरात जागोजागी कामाला जुंपलेले असते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून ते हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट अशी जोडी तयार करते. पहिला घटक आम्लाचा, तर दुसरा आम्ल शमवणारा. ही अभिक्रिया विकराविनाही होते, पण फार संथपणे. फुप्फुसाच्या केशवाहिनीतून रक्त जेमतेम सेकंदभरात पुढे सरकते. तेवढ्यात रक्तातील बायकार्बोनेटचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन तो उच्छ्वासावाटे बाहेर पडायचा, तर अभिक्रियेला वेग देणारे काहीतरी रक्तात असलेच पाहिजे, अशा तर्काने शोध सुरू झाला आणि १९३३ मध्ये केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि राउटन यांनी हे विकर वेगळे काढून दाखवले. त्याच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. त्याच्या सर्वांत चपळ प्रकाराचा एकच रेणू सेकंदाला कार्बन डायऑक्साइडचे सुमारे दहा लाख रेणू हातावेगळे करू शकतो.

मात्र आम्ल कोणत्या बाजूला जाणार आणि बायकार्बोनेट कोणत्या, हे विकर ठरवत नाही. ते पेशीच्या पटलात बसवलेले पंप आणि वाहक प्रथिने ठरवतात. जठराच्या आम्लपेशींमध्ये हायड्रोजन आयन जठराच्या पोकळीत ढकलले जातात आणि बायकार्बोनेट क्लोराइडच्या बदल्यात रक्तात सोडले जाते, त्यामुळे जेवणानंतर जठराकडून परतणारे रक्त किंचित अल्कधर्मी होते. स्वादुपिंडाच्या नलिकांमध्ये नेमका उलटा कारभार चालतो : बायकार्बोनेट रसात उतरते आणि आम्ल रक्तात जाते. जोराने पाझरणाऱ्या स्वादुपिंडरसात बायकार्बोनेटचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा पाच-सहा पट होते, आणि जठरातून आलेला आंबट घास लहान आतड्याच्या तोंडाशी शमतो तो त्यामुळेच.

आता तुमची गोळी. डोळ्याच्या पुढच्या भागातील द्रव पाझरत राहतो तो काही अंशी बायकार्बोनेटच्या स्रावाच्या जोरावर. विकर अडले की द्रव कमी पाझरतो आणि दाब उतरतो. उंचीवरचा परिणाम मात्र मूत्रपिंडातून घडतो. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तिथे विरळ हवेमुळे माणूस जोरजोराने श्वास घेऊ लागतो, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, रक्त अल्कधर्मी होते आणि हीच अल्कता श्वासाला आवर घालते, विशेषतः झोपेत. मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून हे संतुलन साधतातच, पण त्याला काही दिवस लागतात. गोळीने मूत्रपिंडातील विकर अडले की बायकार्बोनेट लगेच वाहून जाऊ लागते, रक्त थोडे आम्लाकडे झुकते आणि श्वास मोकळा चालतो. लघवी वारंवार होते तीही याच कारणाने. मुंग्या येणे हा या औषधाचा नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि गोळी थांबवल्यावर तो जातो.

सोड्याचे कोडे त्यामानाने अलीकडे उलगडले. ही गोळी घेतली की उंचीवर बिअर मिळमिळीत लागते, ही गिर्यारोहकांची तक्रार जुनीच होती. जिभेवरील आंबट चव ओळखणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर याच विकराचा एक प्रकार असतो आणि सोड्यातील वायूपासून तो तिथल्या तिथे आम्ल तयार करतो, हे २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. सोड्याची झणझण केवळ बुडबुडे फुटल्याने येत नाही, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत गमतीचे वाटते.

अ‍ॅसिडिटीसाठी मात्र ही गोळी घेऊ नका. शरीरात हे विकर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. ते जवळजवळ पूर्ण अडल्याशिवाय स्राव घटत नाही, आणि जठरात तेवढे साधायला लागणारी मात्रा बाकीच्या अवयवांना सोसवणारी नाही. ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल जठरातला पंपच बंद पाडतात. हा पंपही एक विकरच आहे : ऊर्जा खर्चून तो एक पोटॅशियम आत घेतो आणि एक हायड्रोजन बाहेर टाकतो, आणि त्याच्यामुळे जठररसातील आम्ल रक्तातल्यापेक्षा दहा लाख पटींहूनही अधिक तीव्र होते. ही औषधे चालू पंपालाच जखडतात आणि पंप जेवणाच्या वेळी चालू होतात, म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात.

अ‍ॅसिटाझोलामाइड हे सल्फा गटातले औषध आहे. घरात कोणाला सल्फाची अ‍ॅलर्जी, मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर वडिलांच्या उरलेल्या गोळ्या प्रवासात इतरांना वाटू नयेत. प्रत्येकाने डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.